जाब विचारणारा कोण? सार्वजनिक संस्थांचे नेतृत्व आणि त्याचे शिक्षण



समाजासाठी झिजलेल्या माणसांच्या नावाने व्याख्यानमाला चालवण्याची आपली परंपरा जुनी आहे. त्यांचा त्याग, त्यांची निष्ठा, त्यांनी सोसलेला विरोध यांचे स्मरण अशा मंचांवरून होत आले आहे आणि ते व्हायलाच हवे. पण त्यांनी संस्था चालवल्या कशा, पैसा उभा केला कसा, सहकाऱ्यांशी बिनसले तेव्हा काय केले, हिशेब कोणापुढे ठेवले, आपल्यामागे कोण याचा विचार कधी केला, या बाजूकडे आपण फारसे वळत नाही. आज मी त्या बाजूविषयी बोलणार आहे, कारण तो आता विद्यापीठात शिकवण्याचा विषय झाला आहे. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय 1936 साली निघाले. पुढे त्याचीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. मुंबईचे निर्मला निकेतन 1955 चे, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 ची. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था, म्हणजे इर्मा, 1979 मध्ये सुरू झाली. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने 1984 मध्ये ना-नफा संस्थांच्या अभ्यासासाठी वेगळे केंद्र काढले. अभ्यासक्रम वाढले तसा एक प्रश्नही घरोघरी विचारला जाऊ लागला: हे शिकून मुलाच्या पदरात पडते काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला सहसा दोन उत्तरे मिळतात. एक, विद्यार्थ्याची सेवावृत्ती वाढते. दोन, त्याला व्यवस्थापनाची कौशल्ये येतात. पहिले उत्तर मला पटत नाही, आणि दुसरे मला अपुरे वाटते. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाचे काहीच वाटत नाही, त्याला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने ते वाटू लागेल असे मानायला आधार नाही. ताळेबंद वाचणे, अंदाजपत्रक मांडणे, माणसे नेमणे या गोष्टी वाणिज्य शाखेत किंवा व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गातही शिकता येतात. या अभ्यासातून खास मिळण्यासारखी गोष्ट तिसरी आहे. आपल्याला जाब विचारू शकेल असे बाहेर कोणी नसताना स्वतःहून जाब देण्याची व्यवस्था कशी लावावी, हे तो शिकवतो. बाकी सारी कौशल्ये त्याच्यासाठी आहेत, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे संस्थेच्या रचनेतूनच येते. दुकानदाराचा माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी पायरी चढत नाही. सरकारचा कारभार बिघडला तर मतदार पाच वर्षांनी हिशेब चुकता करतो. दोन्हीकडे चूक दाखवणारी यंत्रणा रचनेतच असते, कितीही सदोष असली तरी. सेवाभावी संस्थेत ही साखळी तुटलेली असते. पैसा देणारा एक असतो आणि सेवा घेणारा दुसरा. देणगीदार मुंबईत किंवा न्यू जर्सीत असतो आणि त्याच्या पैशातून चालणारी आश्रमशाळा नंदुरबारच्या डोंगरात. तिथल्या मुलांच्या ताटात काय पडते हे त्याला दिसत नाही. मुलांना ते दिसते, पण ती देणगी बंद करू शकत नाहीत आणि बहुधा शाळाही बदलू शकत नाहीत. कायद्याचे अमेरिकन अभ्यासक हेन्री हॅन्समन यांनी 1980 मध्ये येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात याची नेमकी मांडणी केली. जिथे पैसे देणाऱ्याला मालाची पारख करता येत नाही तिथे ना-नफा संस्था उभ्या राहतात, कारण शिल्लक आपसात वाटून घ्यायची नाही हे बंधन देणाऱ्याला थोडा भरवसा देते, असे ते म्हणतात. पण हे बंधन फक्त चोरीला आडकाठी करते. निष्फळ काम वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे चालू राहण्याला ते आडकाठी करत नाही. सेवाभावी क्षेत्रातला मोठा धोका भ्रष्टाचाराइतकाच या प्रामाणिक निष्फळतेचाही आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला हा प्रश्न नवा नाही. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्या मुळाशी पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीची नाराजी होती. म्हणजे आपल्याकडच्या सुरुवातीच्या एका मोठ्या राजकीय संस्थेचा उगम एका विश्वस्त व्यवस्थेला जाब विचारण्यात आहे. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या सभेलाही तोच नियम लावला. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हे कागदावर दाखवल्याशिवाय बोलण्याचा अधिकार नाही, असा त्याचा अर्थ. आज जनतेच्या नावाने बोलणाऱ्या किती संस्था असे मुखत्यारपत्र दाखवू शकतील? पण सभेची गोष्ट तिथेच संपत नाही. 1895 मध्ये सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली आणि पुढच्याच वर्षी रानडे व गोखले यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. प्रतिनिधित्वाचा नियम उत्तम असला तरी मतभेद पोटात घेऊन संस्था एकसंध ठेवण्याचे काम तो एकटा करू शकत नाही, हा या प्रकरणाचा दुसरा धडा. नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही धडे शेजारी ठेवून वाचावेत.

त्याच पुण्यातले दुसरे प्रकरण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. 1884 मध्ये संस्था झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे ही माणसे तुटपुंज्या वेतनावर आजीव सदस्य म्हणून राबत होती. त्यांच्या त्यागाविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही काही वर्षांतच वाद पेटला. आजीव सदस्याने बाहेर काम करून पैसे मिळवावेत का? मिळवले तर ते संस्थेचे की त्याचे? वेतन वाढवावे की नाही? संस्थेबाहेरच्या सार्वजनिक कामाला किती वेळ द्यावा? 1890 मध्ये संस्थेतल्याच गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा वाद टोकाला गेला आणि त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. आपण ही हकीकत दोन थोर पुरुषांच्या स्वभावांचा किंवा मतांचा संघर्ष म्हणून वाचतो. संस्थेच्या दृष्टीने वाचली तर ती हितसंबंधांच्या गुंत्याची आणि मोबदल्याच्या धोरणाची हकीकत आहे. मित्रभावावर उभ्या राहिलेल्या संस्थेत कामाचा भार वाढला आणि नियम सुरुवातीच्या उमेदीत सोडून दिलेल्या प्रश्नांपाशी येऊन अडले. आज कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला विश्वस्तांच्या बाहेरच्या हितसंबंधांची नोंदवही, वेतनाचे लिखित धोरण, मतभेद नोंदवण्याची पद्धत शिकवतात. या गोष्टी रुक्ष वाटतात. पण त्या नसल्या की काय होते, हे टिळक-आगरकरांच्या तोलाच्या माणसांच्या बाबतीत आपण पाहिले आहे. सामान्य माणसांनी अशा नियमांशिवाय निभावून नेऊ म्हणणे धाडसाचे आहे.

सर्वांत खोल प्रश्न मात्र बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. 1932 मध्ये पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. तिचे चिटणीस अमृतलाल ठक्कर, आपले ठक्करबाप्पा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विलायतेच्या वाटेवर असताना बोटीवरून बाबासाहेबांनी त्यांना सविस्तर पत्र लिहिले. अस्पृश्यांमधल्या काही व्यक्तींना सद्गुण शिकवण्यावर शक्ती खर्च करू नका, विहिरी, शाळा, रस्ते यांवरच्या नागरी हक्कांसाठी मोहीम उघडा, समान संधीसाठी झटा आणि कार्यकर्ते मुख्यतः त्याच समाजातून घ्या, असा त्याचा आशय होता. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे की नाही, हा वाद झाला. गांधीजींची भूमिका अशी, की हे सवर्ण हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, तेव्हा ऋण फेडण्याची जबाबदारीही त्यांचीच. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना कारभारातून वगळले तर ती संस्था त्यांची राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंना तर्क होता. गांधीजींच्या बाजूने पाहिले तर दोषी माणसाने आपला दोष स्वतः निस्तरावा हे नैतिकदृष्ट्या मोठे आहे. पण संस्थेच्या रचनेच्या कसोटीवर बाबासाहेबांचा आक्षेप अचूक ठरतो, कारण देणाऱ्यांचेच मंडळ असेल तर ज्यांच्यासाठी काम चालते त्यांच्याकडून चूक कळण्याची वाट बंद होते. विश्वस्त मंडळात कोण बसते, हा प्रशासकीय तपशील नसून सत्तेचा प्रश्न आहे, हे विद्यार्थ्याला या एका प्रकरणातून जितके स्पष्ट कळेल तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

हा आक्षेप पुढे कुठे कुठे रुजला तेही त्याने पाहावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, तेव्हा बाहेरून आणलेल्या परिचारिकांना गावात जम बसवणे अवघड जात होते. त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेच्या प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता, आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपली पहिली योजना चालत नाही हे वेळीच ओळखणे आणि जिच्यावर उपचार करायचे तिलाच उपचार करणारी बनवणे, यात नेतृत्वाचे फार मोठे कसब आहे. कारण त्यात डॉक्टरला स्वतःची सत्ता कमी करावी लागते.

जाब देण्याचा दुसरा मार्ग पुराव्याचा. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तान्ही बाळे मरतात हे सर्वांना माहीत होते. किती मरतात, कशाने मरतात आणि आपण केलेल्या उपायाने त्यात फरक पडतो का, हे कोणी मोजले नव्हते. त्यांनी 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. जंतुसंसर्ग ओळखून गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत या स्त्रियांची तयारी करून घेतली होती. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदरात 62 टक्के घट दिसली. ही तुलनेची गावे महत्त्वाची आहेत. ती नसती तर घट आपल्या कामामुळे झाली की एरवीही झाली असती, हे सांगता आले नसते. संस्थेचा प्रमुख आपल्या अहवालात किती शिबिरे घेतली, किती लाभार्थी आले, किती रोपे लावली याचे आकडे देतो. हे श्रमाचे आकडे असतात. फळाचा आकडा देण्यासाठी आपण काही केलेच नसते तर काय झाले असते, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर आपल्या विरुद्ध जाण्याची तयारी ठेवावी लागते. ही तयारी विद्यार्थ्याच्या अंगी आली तर अभ्यासक्रमाचे निम्मे सार्थक झाले.

पैशाची बाजू याहून नाजूक आहे. गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ इंडियन काँग्रेसच्या अनुभवावरून एक मत मांडले आहे. सार्वजनिक संस्थांनी कायम निधीवर जगू नये, कारण व्याजावर जगणारी संस्था लोकमताची पर्वा करीनाशी होते. दर वर्षी वर्गणी मागावी लागली म्हणजे लोकांचा विश्वास दर वर्षी तपासून निघतो. त्या काँग्रेसचे 1894 चे हिशेबही शाबूत सापडतील, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला आहे. उलट बाजूला महर्षी कर्व्यांचे उदाहरण आहे. लहान लहान वर्गण्या जमवत त्यांनी 1896 पासून अनाथ बालिकाश्रम वाढवला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले. पण विद्यापीठाला खरे स्थैर्य आले ते 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपये देण्याचे ठरवल्यावर. वर्गणी संस्थेला जागती ठेवते आणि निधी तिला दूरचा विचार करू देतो. यातला एकच मार्ग खरा असे सांगणारा शिक्षक चुकीचे शिकवतो. विद्यार्थ्याने शिकायचे ते हे, की प्रत्येक रुपयाबरोबर देणाऱ्याचा एक कालावधी आणि एक हेतू येतो आणि तो कामाच्या कालावधीशी जुळवावा लागतो. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या 135 व्या कलमाने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. पैसा मोठा आला. पण कंपनीचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि मुलाला वाचायला शिकवण्याचे काम मार्चअखेर संपत नाही. चालू प्रकल्पाला सुरुवातीच्या वर्षापलीकडे तीन वर्षांची मुभा नियमांत आहे. गडचिरोलीच्या अभ्यासाला आधीची पाहणी धरून त्याहून जास्त काळ लागला होता. दात्याशी बोलून ही वेळ मागून घेणे, ती मिळत नसेल तर त्या कामासाठी पैसा नाकारणे, हा नेतृत्वाचा भाग आहे. 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला देण्यावर बंदी आली. या बदलांवर मतभेद असू शकतात. पण हिशेबनीस, तपासणी, प्रशिक्षण यांवरचा खर्च म्हणजे उधळपट्टी, अशी समजूत दात्यांतही आहे. प्रत्येक कामाचा पूर्ण खर्च मांडून ती खोडून काढणे ज्याला जमत नाही, त्याच्या हाताखालचे कार्यकर्ते त्याची किंमत मोजतात.

कायद्याचा अभ्यास हा याचाच पुढचा भाग. महाराष्ट्रात बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोनदा नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हिशेबांची दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागते, संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. अनेक कार्यकर्ते याला डोकेदुखी म्हणतात. पण मूळ कल्पना अशी आहे, की संस्थेची मालमत्ता लोकांची आहे आणि विश्वस्त तिचे राखणदार आहेत. याच कायद्याच्या 41अअ कलमाखाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. धर्मादाय म्हणून जागा आणि करसवलत घ्यायची असेल तर त्याची परतफेड कोणाला आणि किती, हे कायद्याने इथे मोजून ठेवले आहे. हे वाचलेला विद्यार्थी पुढे अशा रुग्णालयात काम करो किंवा रुग्णाचा नातेवाईक म्हणून जावो, तो जाब देऊ शकतो आणि मागूही शकतो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. फुले, कर्वे, भाऊराव पाटील यांनी या विषयाची कोणती पदवी घेतली होती? सेवा आतून येते, ती शिकवून येत नाही. यातला दुसरा भाग मी आधीच मान्य केला आहे. पहिल्या भागाला दोन उत्तरे आहेत. आपल्याला टिकलेल्या संस्था आठवतात. तितक्याच तळमळीने निघालेल्या आणि संस्थापकाबरोबर संपलेल्या संस्थांची गणती कोणी ठेवली नाही, म्हणून तळमळ पुरते असा भास होतो. आणि ज्यांना आपण स्वयंभू मानतो त्यांनी शिक्षणाची गरज ओळखली होती. गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी घातली. त्या काळात अभ्यास आणि प्रवास करायचा, देश समजून घ्यायचा, मग काम. ज्या गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा वाद आतून पाहिला होता, त्यांनीच हा नियम केला हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या मुशीतून ना. म. जोशी निघाले, ज्यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. ठक्करबाप्पाही त्याच समाजाचे. सेवेचे शिक्षण ही कल्पना परदेशातून आलेली नाही, ती या शहरांत शंभर वर्षांहून जुनी आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. शिक्षणामुळे सेवेचा धंदा होतो, लाभार्थ्यांची आकडेवारी होते, तक्ते आणि सादरीकरणे यांत माणूस हरवतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. असे अभ्यासक्रम आहेत, जिथे कंपनीची परिभाषा उचलून आणली जाते आणि विद्यार्थी गावातल्या बाईला भागधारक म्हणू लागतो. पण गडचिरोलीत आकडे कोणासाठी होते? गावातल्या मृत्यूंचा हिशेब गावासाठी आणि शासनासाठी होता. आकडा दात्याला खूश करण्यासाठी गोळा होतो तेव्हा माणूस हरवतो. आपली चूक शोधण्यासाठी गोळा होतो तेव्हा माणूस दिसू लागतो. शिवाय आत्मसन्मान वाढला का, बाई ग्रामसभेत बोलू लागली का, यांसारख्या गोष्टी सहज मोजता येत नाहीत, आणि मोजता येत नाही ते नाहीच असे मानू नये, हेही शिकवावे लागते. या आक्षेपातून खरे तर अभ्यासक्रम सुधारण्याची मागणी पुढे येते, तो बंद करण्याची नाही.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. आरोग्य, शिक्षण, पाणी ही शासनाची कामे. संस्थांनी ती उचलली की शासन अंग काढून घेते. तत्त्व बरोबर आहे. म्हणूनच संस्थेने आपली मर्यादा ओळखायला शिकले पाहिजे. गडचिरोलीतली पद्धत 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाच्या घरच्या काळजीचा सरकारी कार्यक्रम म्हणून राबवली जाऊ लागली. 39 गावांत पडताळलेली गोष्ट देशभर नेणे कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातले नव्हते, आणि 39 गावांत चुकत शिकण्याची मुभा घेणे शासनाला अवघड होते. प्रयोग करणे, सिद्ध करणे, शासनाकडे सोपवणे आणि मग त्यावर लक्ष ठेवणे, ही विभागणी ज्याला समजते तो संस्थेचे साम्राज्य करत नाही. काम पूर्ण झाले की संस्था मिटवण्याचे धैर्यही नेतृत्वातच मोडते, आणि ते अभ्यासक्रमात क्वचित शिकवले जाते.

चौथा आक्षेप पालकांचा, आणि तो सर्वांत व्यवहारी. या क्षेत्रात पगार कमी. हे खरे आहे आणि ते लपवू नये. मात्र त्यागाला वेतनाचे धोरण बनवण्याचा परिणाम काय होतो, हेही पाहावे. तुटपुंज्या पगारावर आयुष्य काढणे त्यालाच परवडते ज्याच्या पाठीशी घर, शेती किंवा नोकरी करणारा जोडीदार असतो. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलीला ते परवडत नाही. म्हणजे त्यागाचा आग्रह धरता धरता सेवेचे नेतृत्व सुस्थितीतल्या घरांकडे राहते, आणि बाबासाहेबांनी 1932 मध्ये विचारलेला प्रश्न पगाराच्या वाटेने परत येतो. संस्थेच्या प्रमुखाने योग्य वेतन देणे हा न्यायाचा भाग आहे, दात्याला तसे पटवणे हे त्याचे कौशल्य आहे. राहता राहिला विद्यार्थ्याचा प्रश्न. अधिकाराचा हुकूम न चालवता माणसांना एकत्र ठेवणे, कमी पैशात काम उभे करणे, पुरावा तपासणे, कायदा वाचणे, परस्परविरोधी अपेक्षा असलेल्या लोकांपुढे खरे बोलणे, हे ज्याला येते त्याला सहकारात, शासनात किंवा उद्योगातही काम मिळते. आणि नोकरी कुठलीही केली तरी तो कधी ना कधी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत, वाचनालयाच्या मंडळात, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा गणेशोत्सव मंडळात बसणार आहे. मराठी समाज अशा संस्थांवर उभा आहे आणि त्यातल्या कितीतरी संस्था इतिवृत्त न लिहिल्यामुळे, हिशेब वेळेवर न झाल्यामुळे आणि जुन्या पदाधिकाऱ्यांनी जागा न सोडल्यामुळे कोर्टात अडकून पडतात.

यावरून अभ्यासक्रम कसा असावा, तेही सांगतो. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष संस्थांचे दहा वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाचावेत आणि त्यांतून हेतू कसा बदलत गेला ते शोधावे. टिळकांचा राजीनामा आणि आंबेडकरांचे ठक्करांना पत्र ही पाठ्यपुस्तकाइतकीच महत्त्वाची साधने मानावीत. किमान काही महिने त्याने अशा ठिकाणी राहावे जिथे तो दाताही नाही आणि अधिकारीही नाही. शेवटची परीक्षा एका प्रश्नाची असावी: तू चालवशील त्या संस्थेत, तू चुकतो आहेस हे तुला कोण सांगेल, कसे सांगेल आणि सांगणाऱ्याला तुझ्यापासून संरक्षण काय असेल? या प्रश्नाला नाव, नियम आणि तारीख यांसह उत्तर देता आले तर तो उत्तीर्ण.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे हा अभ्यास निवडतील त्यांना मोठी पदे किंवा मोठे पगार मिळतील असे आश्वासन मी देत नाही. पण लोकांचा पैसा, लोकांची जमीन आणि लोकांचा विश्वास हाती असताना, विचारणारा कोणी नसतानाही, सरळ कसे वागायचे, हे तुम्हाला नीट शिकता येईल. आणि सभागृहातल्या ज्येष्ठांना माझी विनंती आहे. आपण ज्या संस्थांत आहात त्यांचे हिशेब आणि इतिवृत्ते या विद्यार्थ्यांना वाचायला द्या, मंडळात एक जागा ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांना द्या आणि आपली जागा कधी रिकामी करणार ते आजच लिहून ठेवा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना वाहण्यासारखी याहून चांगली आदरांजली मला सुचत नाही.